अंगावर छत्तीसशे, चालीत सव्वीसशे

मी एक जुनी रॅमची पट्टी आहे. मित्रांनो, नाव परकं वाटलं तरी तुमची माझी रोजची गाठ आहे. तुम्ही संगणकावर चित्र रंगवता, गाडी पळवता, गाणं ऐकता, तेव्हा ते सगळं आधी माझ्या अंगाखांद्यावर खेळतं आणि मग तुमच्या डोळ्यांपुढे येतं. मी दिसायला साधारण तुमच्या वितीएवढी. पोटात काळ्या चिपांची रांग, खालच्या कडेला सोनेरी दात, आणि वरून धातूचं लालभडक जाकीट. त्या जाकिटावर माझ्या वेगाचा ठसठशीत पांढरा आकडा आहे : ३६००. या एका आकड्याने आमच्या घरात जी गंमत केली, तीच आज तुम्हाला सांगायची आहे.

पण त्याआधी एक कबूल करते. मी भयंकर विसरभोळी आहे. वीज आहे तोवर मला सगळं जिथल्या तिथे आठवतं. बटण बंद झालं की पाटी कोरी. आता तुम्ही म्हणाल, मग तुझी गोष्ट तुला कशी ठाऊक? शहाणे आहात. त्याचं उत्तर शेवटी देणार आहे, तोवर जरा दम धरा.

संगणकाच्या पेटीत एक कपाट असतं, त्याला डिस्क म्हणतात. कपाटात ठेवलेलं वर्षानुवर्षं टिकतं. मी म्हणजे कपाट नाही, मी स्वयंपाकघरातला ओटा. जे काम आत्ता चाललं आहे, त्याचं सामान कपाटातून काढून माझ्यावर मांडायचं, आणि काम संपलं की परत आत ठेवून द्यायचं. ओटा लांबरुंद असेल तर सामान जास्त मावतं. आणि माझा वेग म्हणजे ओट्यावरची वस्तू काम करणाऱ्याच्या हातात किती चपळाईने पडते, तो. जागा आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे तुम्हाला एका दमात कळलं. आमच्या आजोबांना कळायला वर्ष लागलं.

माझा जन्म एका लखलखीत कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत, नुसते डोळे तेवढे दिसणारी. धुळीचा एक कणसुद्धा तिथे पाहुणा म्हणून चालत नसे. घडून झाल्यावर आमची परीक्षा झाली. आम्हाला तापवलं, गार केलं, दामटून पळवलं. काही बहिणी सव्वीसशेलाच धापा टाकू लागल्या, काही बत्तीसशेला दमल्या. मी आणि माझी जुळी बहीण मात्र छत्तीसशेलाही ताठ उभ्या. तेव्हा आम्हाला लाल जाकिटं मिळाली, एकाच खोक्यात शेजारी शेजारी जागा मिळाली, आणि आमच्या एका इवल्याशा चिपेत आमचा जन्मदाखला कोरला गेला. तेवढा मात्र वीज गेली तरी पुसला जात नाही.

त्या दाखल्यात आमच्या दोन चाली लिहिलेल्या असतात. एक साधी चाल, कुठल्याही संगणकात बसवलं तरी चालेल अशी. माझी ती सव्वीसशेची. दुसरी पळायची चाल, छत्तीसशेची. ही दुसरी आपोआप सुरू होत नाही. माणसाने संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन एकदा ती चालू करावी लागते. मित्रांनो, हे वाक्य नीट लक्षात ठेवा. आमच्या घरात कुणी ठेवलं नाही.

दुकानाच्या काचेच्या कपाटात आम्ही बरेच दिवस मिरवलो. मग एके दिवशी दोन माणसं आत आली. एक आजोबा, उभं आयुष्य शहराची बस चालवून निवृत्त झालेले. बस चालवताना त्यांनी वेगाची मर्यादा कधी ओलांडली नव्हती, आणि त्याची सगळी कसर ते आता संगणकावरच्या गाड्यांच्या शर्यतीत भरून काढत होते. दुसरी त्यांची सून. ती कार्टून काढायची. आधी जाहिरातींच्या ऑफिसात काढायची, मुलगी झाल्यापासून घरी बसून काढत होती. घरात संगणक एकच. सकाळी सुनेचा, दुपारची झोप झाली की आजोबांचा. मुलगा जहाजावर नोकरीला, त्यामुळे घरी तो फक्त फोनवर येतो, आणि तेही रेंज असली तर.

दुकान चालवणाऱ्या ताईंनी काउंटरवर दोन जोड्या ठेवल्या. एक आमची, लाल, वेगवान, आठ आणि आठ मिळून सोळा जीबी जागेची. दुसरी हिरवी, बिनजाकिटाची, सव्वीसशेची, पण जागा दुप्पट.

सून म्हणाली, "बाबा, ही हिरवी घेऊ या. माझ्या चित्रांचे थर वाढले की संगणक मान टाकतो. मला जागा हवी आहे."

"जागा घेऊन काय नाचायचं आहे, सूनबाई?" आजोबांची नजर माझ्या जाकिटावरून हलेना. "हा आकडा बघ. छत्तीसशे! नुसतं वाचूनच अंगात वारं शिरतं."

ताई म्हणाल्या, "आजोबा, काम बघून घ्यावं. गेमला वेगाने थोडा फरक पडतो, नाही असं नाही. पण कार्टूनला, व्हिडिओला आधी जागा लागते, वेग मागाहून. दोघांचं मशीन एकच असेल तर..."

"वाढदिवस कुणाचा आहे?" आजोबांनी विचारलं.

"तुमचा," सून हसून म्हणाली. तिने त्यांचा हट्ट पुरवला, तो मनापासून. पण हिरव्या जोडीकडे तिने जाताना एकदा वळून पाहिलं, ते मी टिपलं.

खोकं हातात देताना ताईंनी बजावलं, "बसवून झालं की सेटिंगमध्ये जाऊन वेग चालू करा हं. जमलं नाही तर मला बोलवा."

आजोबांना हे भलतंच लागलं. "अहो ताई, मी आयुष्यभर बस चालवली. मला वेग चालू करायला शिकवता? किल्ली फिरवली की गाडी चालू, बटण दाबलं की संगणक चालू. त्यात आणखी काय चालू करायचं?"

झालं. घरी आल्यावर आजोबांनी हात स्वच्छ धुऊन, पुसून, जुन्या पट्ट्या काढल्या, आम्हाला कडेने धरलं आणि खाचेत बसवलं. दोन्ही बाजूंनी टक् असा आवाज आला. त्यांनी बटण दाबलं, आणि आम्ही दोघी बहिणी छत्तीसशेची ताकद अंगात घेऊन सव्वीसशेच्या चालीने चालू लागलो. शर्यतीचा घोडा आणून त्याला बागेत फेरफटक्याला न्यावं, तशी आमची गत. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण पट्टीला तोंड कुठून आणणार?

त्या दुपारी आजोबा शर्यतीला बसले. त्यांचं एक मंडळ होतं, सगळे निवृत्त. एक पोस्टमास्तर, एक दातांचे डॉक्टर, एक शिंपीकाका. चौघंही आपापल्या घरून एकाच शर्यतीत उतरायचे आणि कानाला हेडफोन लावून एकमेकांची यथेच्छ टिंगल करायचे. त्या दिवशी आजोबांनी पोस्टमास्तरांना शेवटच्या वळणावर मागे टाकलं आणि खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"बघितलंस सूनबाई? लोण्यासारखं चाललं आहे! काय तो वेग! कालच्यात आणि आजच्यात जमीन-अस्मानाचा फरक!"

आता कालच्या पट्ट्या काय आणि आज आम्ही काय, चाल तीच सव्वीसशेची होती. पण आनंद खरा होता, म्हणून मीही मनातल्या मनात फुशारले. मग रोजच विजयाची बातमी येऊ लागली. आजोबा दारात येईल त्याला छत्तीसशेचं पुराण ऐकवत. पेपर टाकणाऱ्यालाही त्यांनी सोडलं नाही. महिन्याभरात मंडळातल्या तिघांनीही त्याच दुकानातून तशाच लाल पट्ट्या आणल्या. ताई त्यांनाही वेग चालू करा म्हणून सांगायच्या, आणि तिघंही आजोबांना फोन करून विचारायचे. आजोबा ठामपणे सांगायचे, "काही करायचं नाही. बटण दाबायचं."

असं वर्ष मजेत गेलं. मग घरातली चिमणी सायकलवरून पडली.

चिमणी म्हणजे आजोबांची नात, वय सहा. खरं नाव शाळेच्या हजेरीत, घरात चिमणीच. हात मोडला, प्लास्टर झालं. दोन दिवस तिने त्या प्लास्टरची ऐट केली, त्यावर मांजर काढून घेतलं, आजोबांकडून बस काढून घेतली. पण तपासायला गेली असताना आतल्या खोलीत दुसऱ्या कुणाचं तरी प्लास्टर कापत होते. ते कापायचं यंत्र घूंऽऽ करून ओरडायला लागलं, आणि आतला मुलगा त्याच्याहून मोठ्याने. चिमणी घरी आली ती एकच वाक्य घेऊन : "मी हे प्लास्टर काढणार नाही. लग्नातसुद्धा असंच ठेवणार."

सगळ्यांनी समजावून पाहिलं. ते यंत्र कातडीला कापत नाही, फक्त थरथरतं, हे डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या हाताला लावून दाखवलं. चिमणीने डोळे घट्ट मिटून घेतले होते, तिला काय दिसणार? प्लास्टर काढायचा शनिवार जवळ येत चालला, तशी ती जेवताना नुसती घास चिवडू लागली. रस्त्यावर कुठे ड्रिल सुरू झालं तरी धावत येऊन आईच्या ओढणीत तोंड लपवायची.

तेव्हा आईने ठरवलं, याचं कार्टून करायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कराच. बाहेर बसायच्या जागेत टीव्ही आहे, त्यावर लावू. माझ्याकडे रोज एक तरी रडारड असते हो." पण आईच्या डोळ्यांपुढे रोजची मुलं नव्हती, एकच होती. शनिवारच्या आत कार्टून व्हायलाच हवं होतं.

गोष्ट अगदी साधी. पोंपों नावाची छोटी लाल बस. तिचं दार वाकतं, गॅरेजवाला त्याला पट्ट्या बांधतो. बरं झाल्यावर त्या पट्ट्या कापायच्या, तर पोंपों गॅरेजच्या आवाजाला घाबरून सगळ्या गावातून पळत सुटते. शेवटी यंत्र लागतं तेव्हा तिला होतात गुदगुल्या. बसचा आवाज कोण देणार, हा प्रश्नच नव्हता. आजोबांनी घसा खाकरून इंजिन सुरू केलं, गिअर टाकला, ब्रेकचा चीत्कार केला, हॉर्न दिला, आणि गुदगुल्यांचं हसू तर असं हसले की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. मित्रांनो, ते आवाज माझ्यावरूनच गेले. इतकं गोड सामान माझ्या ओट्यावर आधी कधी आलं नव्हतं.

पण ओटा तेवढाच होता. बसचा एक थर, चाकांचा दुसरा, रस्त्याचा तिसरा, गर्दीचा, सावल्यांचा, वर आवाज. गॅरेजचा मोठा देखावा सुरू झाला आणि आम्ही दोघी बहिणी काठोकाठ भरलो. मग काय होतं माहीत आहे? मावलं नाही ते संगणक परत कपाटात कोंबतो, लागलं की पुन्हा काढतो, पुन्हा कोंबतो. एक चित्र हलेपर्यंत आईचा घोटभर चहा पिऊन व्हायचा. वेगाचा इथे काय उपयोग? अंगात छत्तीसशे जागे असते तरी मी जागा कुठून आणणार होते?

गुरुवारी दुपारी गॅरेजचा देखावा जवळजवळ झाला होता. सकाळपासून आई जागची उठली नव्हती, आणि कामाच्या नादात तिने एकदाही सेव्ह केलं नव्हतं. म्हणजे ते सगळं अजून कपाटात गेलेलं नव्हतं, फक्त माझ्यावर होतं. तिने एक थर आणखी टाकला, आणि संगणक थिजला. बाण हलेना. काहीच हलेना. आईने बराच वेळ वाट पाहिली, मग ओठ चावून बटण दाबून धरलं.

त्यानंतरचं मला आठवण्याचा प्रश्नच नाही. सगळा देखावा माझ्याबरोबर पुसला गेला.

आईने टेबलावर डोकं टेकलं. चिमणी शेजारी येऊन उभी राहिली, आपलं प्लास्टर पोटाशी धरून. म्हणाली, "आई, रडू नको ना. राहू दे. मी ठेवते प्लास्टर. मला सवय झाली आहे आता."

हे आजोबांनी दारातून ऐकलं. ते शर्यतीला बसायला आले होते, हेडफोन गळ्यात तसाच होता. त्यांनी हेडफोन काढून ठेवला. चपला घातल्या आणि तडक दुकानात गेले.

"ताई, ती हिरवी जोडी द्या. मोठ्या जागेची."

ताई म्हणाल्या, "देते. पण एक ऐका. वेगवेगळ्या चालीच्या पट्ट्या एकत्र बसवल्या की सगळ्या सगळ्यांत हळू असेल तिच्या चालीने चालतात. त्या छत्तीसशेवर धावायचा हट्ट धरला तर मशीन मधेच बंद पडायचं. तुमच्या लाल पट्ट्यांना सव्वीसशेवर यावं लागेल. चालेल?"

आजोबांनी एक मोठा श्वास घेतला. "ताई, म्हातारं माणूस बसमध्ये चढत असताना मी कधी गाडी हलवली नाही. मागून कितीही हॉर्न वाजू देत. आता तर माझ्या घरचीच माणसं चढायची आहेत. वेग गेला तरी चालेल." मग जरा थांबून हळूच म्हणाले, "तुम्ही स्वतः येऊन बसवा. माझ्या हातून नाही व्हायचं ते."

ताई पिशवी घेऊन घरी आल्या. पेटी उघडायच्या आधी आजोबांनी तिच्यावर हात फिरवला. "पोरींनो, खूप पळवलंत मला. वर्षभर राजासारखा पळालो." आईचे डोळे भरून आले. तिला ठाऊक होतं, म्हाताऱ्याची दिवसातली सगळी मौज त्या एका तासात होती, आणि ती मौज ते आपण होऊन सोडत होते. ती म्हणाली, "बाबा, राहू द्या ना. मी करते काहीतरी." आजोबांनी मान हलवली.

ताईंनी हिरव्या पट्ट्या रिकाम्या खाचांत बसवण्याआधी सहज सेटिंग उघडून पाहिलं. पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि तोंडावर हात ठेवला.

"आजोबा, हे तुम्ही चालू केलं नव्हतंत?"

"काय?"

"वेग. हे मशीन पहिल्या दिवसापासून सव्वीसशेवरच चाललं आहे."

  आजोबांचा चेहरा असा झाला, जणू ते स्टॉपवर उभे असताना रिकामी बस त्यांच्यासमोरून न थांबता निघून गेली. वर्षभराचं ते लोणी, ते जमीन-अस्मान, तो पेपरवाला, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. आईने हसू दाबायची शिकस्त केली, पण तिच्या नाकातून ते फुर्र करून निसटलंच.

"मग..." आजोबा चाचरत म्हणाले, "मग त्या शर्यती? पोस्टमास्तराला हरवलं ते?"

"ते तुम्ही हरवलंत, आजोबा," ताई म्हणाल्या. "पट्ट्यांचा त्यात काही हात नाही. तो हात तुमचाच."

आजोबा खुर्चीत बसले. आधी गालातल्या गालात, मग मिशीत, मग अंग गदगदून हसले. इतके हसले, की चिमणी धावत आली आणि काहीच न कळता तीही हसत सुटली. माझ्या जाकिटावर जन्मभर मिरवलेला आकडा त्या दिवशी फुकाचा ठरला, पण खरं सांगते, मला मुळीच वाईट वाटलं नाही. इतका आनंद दुसऱ्या कुणाचा पाहिला नव्हता.

डोळे पुसत आजोबा म्हणाले, "ताई, एक विनंती आहे. पोस्टमास्तराचंही मशीन असंच चालत असेल ना? त्याला इतक्यात सांगू नका."

हिरव्या बहिणी आत आल्या. दिसायला साध्या, जाकीट नाही, मिजास नाही. पण त्या बसल्या आणि ओटा केवढा तरी पसरला! गॅरेजचा अख्खा देखावा, सगळे थर, सगळ्या सावल्या, आजोबांचं हसू, सगळं पसरून वर जागा उरली. आईची बोटं सैल सुटली. शुक्रवारी तिने पुसलेला देखावा नव्याने केला आणि तो आधीपेक्षा चांगला झाला. आजोबा शर्यत सोडून तिच्या खुर्चीमागे उभे होते आणि दर थोड्या वेळाने विचारत होते, "सूनबाई, सेव्ह केलंस का?" ती म्हणायची, "केलं, बाबा." तरी ते पुन्हा विचारायचे. शेवटी ती वैतागली, मग हसली, मग त्यांनी विचारण्याआधीच सेव्ह करू लागली.

शनिवारचं मी काही पाहिलेलं नाही. मी पेटीत होते. पण चिमणीने ते घरी येऊन इतक्यांदा सांगितलं, की मला पाठ असायला हवं होतं. बाहेरच्या टीव्हीवर पोंपों सुरू झाली, तशी रडणारी दोन मुलं रडायची थांबली. चिमणी बाकावर उभी राहून सगळ्यांना सांगत होती, "हा आवाज माझ्या आजोबांचा आहे. हे शेजारी बसले आहेत ना, तेच." आजोबांनी लाजून रुमालाने चष्मा पुसायला घेतला. मग तिचं नाव पुकारलं. ती आत गेली, खुर्चीवर चढली, आईचा हात तिने घट्ट धरला. यंत्र घूंऽऽ करून ओरडलं. चिमणीने डोळे मिटले, एक उघडला, आणि पोंपोंच्या आवाजात किंचाळली, "गुदगुल्याऽऽ!"

डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या, की त्यांना यंत्र बंद करून थांबावं लागलं. बाहेर आजोबांनी ते ऐकलं, आणि भर दवाखान्यात तोंडाने हॉर्न दिला.

प्लास्टरचे दोन तुकडे चिमणीने हट्टाने घरी आणले. मांजराचा आणि बसचा. ते अजून टेबलावर आहेत, त्यांत पेनं उभी असतात.

पुढे आईला बरंच काम मिळालं. दातांच्या दवाखान्यासाठी, डोळ्यांच्या, लस टोचण्याच्या खोलीसाठी. सगळीकडे पोंपों गेली, आणि आजोबा तिच्यासोबत. मग आईने कामासाठी स्वतःचा संगणक घेतला. या वेळी तिने दुकानात पाऊल टाकताच आधी जागा विचारली, मग वेग, आणि जोडी एकाच खोक्यातली घेतली. जुना संगणक आजोबांचा झाला. हिरव्या बहिणी ताईंनी दुसऱ्या एका घरी दिल्या, तिथेही कुणीतरी चित्रं हलवत होतं. निघताना वाईट वाटलं, पण ओटा गरजेच्या घरी गेला हे बरंच झालं.

आम्ही जुळ्या पुन्हा दोघीच उरलो. तेव्हा ताईंनी सेटिंग उघडलं आणि आमची पळायची चाल चालू केली. छत्तीसशे! मित्रांनो, काय सांगू तुम्हाला! जन्माच्या परीक्षेनंतर पहिल्यांदा मी जीव खाऊन पळाले. अंग कोमट झालं, जाकीट तापलं, बहीण शेजारी पळत होती, आणि आम्हा दोघींना कशाची शुद्ध नव्हती.

त्या दुपारी मंडळ जमलं. आजोबांनी सगळ्यांना आव्हान दिलं, शर्यत सुरू झाली, आणि पहिल्याच वळणावर त्यांची गाडी कुंपण तोडून शेतात गेली. शेवटून पहिले आले.

"वेग जास्त झाला," आजोबा म्हणाले.

खरं तर फरक थोडाच होता. चित्र जरा जास्त सलग हलत होतं, इतकंच. ताईंनी तो फरक दाखवलाही. पण आजोबांनी आठवडाभर रोज मार खाल्ला, आणि मग एके दिवशी हळू आवाजात सुनेला विचारलं, "ते परत सव्वीसशे करता येईल का गं?" ती म्हणाली, "मुळीच नाही." मग आजोबा हळूहळू सावरले. पोस्टमास्तरांना मात्र त्यांनी गुपित अजून सांगितलेलं नाही.

आता मी म्हातारी झाले. हल्लीच्या पट्ट्यांची खाच वेगळी, त्यांचे आकडे माझ्या दुप्पट. जाकिटाचा लाल रंग विटकरी झाला आहे. मधे दोन महिने संगणक बंद होता, आजोबांच्या डोळ्यावर उपचार चालू होते म्हणून, आणि आमच्यावर बोटभर धूळ बसली. मग चिमणीनेच पेटी उघडली. मऊ ब्रशने धूळ झटकली, आम्हाला कडेने धरून बाहेर काढलं, सोनेरी दात खोडरबराने अलगद पुसले. कुणी शिकवलं तिला, हे सांगायला नको.

तेव्हा मित्रांनो, आम्हाला निवडताना जाकिटाचा रंग आणि अंगावरचा आकडा बघून हुरळू नका. आधी आपलं काम बघा. खेळायचं असेल तर आमचा वेग बघा, आणि तो चालू करायला विसरू नका. चित्रं हलवायची असतील तर जागा बघा. हात लावायच्या आधी बोटं पुसा. आणि आमच्यावर मांडलेलं वेळीच कपाटात ठेवा, कारण आम्ही मनाने कितीही चांगल्या असलो तरी विसरभोळ्या आहोत.

आता ते शेवटचं उत्तर. मी सगळं विसरते, मग हे कसं सांगितलं?

अहो, हे मी सांगत नाही, चिमणी सांगते आहे. ती आता मोठ्या वर्गात गेली आहे. शाळेत एका जुन्या वस्तूचं आत्मवृत्त लिहायला सांगितलं आहे. कुणी छत्री घेतली, कुणी घड्याळ घेतलं, हिने मला घेतलं. आजोबांच्या जुन्या संगणकावर बसून ती सकाळपासून लिहिते आहे, आणि तिचं प्रत्येक अक्षर आधी माझ्यावर उमटतं आहे. कारखाना, दुकान, पोंपों, गुदगुल्या, सगळं मला आजच कळलं. मी आज पहिल्यांदाच स्वतःची गोष्ट ऐकली, आणि मला ती फार आवडली.

फक्त एक घोर लागला आहे. लिहिण्याच्या नादात तिने अजून एकदाही...

"चिमणे!" आजोबांची हाक आतल्या खोलीतून आलीच. या घरात हल्ली कुणी 'येतो' म्हणत नाही, 'जेवलीस का' म्हणत नाही, सगळे हेच विचारतात. "सेव्ह केलंस का?"

"केलं हो, आजोबा!" चिमणी म्हणाली. साफ खोटं.

मग जीभ चावून तिने बटणं दाबली. गोष्ट कपाटात गेली. आता मी निवांतपणे विसरायला मोकळी.